गाडीची लाईट गेली: घरीच करायची, वायरिंगवाल्याला दाखवायची का सर्व्हिस सेंटरला न्यायची?

आधी एवढंच बघा, पुढची लाईट एका बाजूची गेलीय का दोन्ही. एकाच बाजूचा डिपर (खाली, जवळ पडणारा उजेड) गेलाय आणि अपर (लांबचा) लागतोय तर बहुतेक बल्बच उडालाय, कारण आपल्याकडं बऱ्याच गाड्यांत एच४ बल्ब असतो, एकाच काचेत दोन तारा, अपरची ६० वॅटची अन् डिपरची ५५ ची, आणि गावात आपण डिपरवरच फिरतो मग तीच आधी जाणार की. हे काम घरीच करा. लाईट बंद, बल्ब गार होऊ द्या, मागचं तीन पिनांचं सॉकेट ओढा, रबर काढा, तारेची क्लिप दाबून बाजूला केली की बल्ब हातात येतो. नवीन बल्ब काचेला हात न लावता बसवायचा, बोटाचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, त्यात सोलापूरचा मे महिना म्हणजे हात घामानं ओलेच, कोरडं फडकं घ्या. काही गाड्यांत बॅटरी सरकवल्याशिवाय हातच जात नाही, तिथं गॅरेजला पैसे दिलेले परवडतात.

दोन्ही बाजू एकदम गेल्या तर आधी फ्यूज. कुठला कशाचा ते झाकणावर छापलेलं असतं. उडालेला दिसला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, जास्तीचा नको आणि चांदीचा कागद तर अजिबात नको, फ्यूज वाचेल पण वायर जळेल. परत उडाला की घरचा प्रयोग बंद.

सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी पडलंय, पिना काळ्या झाल्यात, किंवा इंडिकेटर दिला की पार्किंग लाईटपण मिचमिचते म्हणजे अर्थिंगचा घोळ, हे सगळं वायरिंगवाल्याचं काम. त्याच्याकडं टेस्ट लॅम्प असतो, करंट कुठवर येतोय ते बघायचा दिवा, पटकन सापडतं. फक्त जोड नुसता टेपवर नको, सोल्डर करून वरून स्लीव्ह (प्लास्टिकची नळी) घाल म्हणून सांगा. आणि तो १००/९० वॅटचा बल्ब टाकू म्हणाला तर नको म्हणा, कंपनीच्या वायरिंगवर तो टाकला की सॉकेट वितळलंच समजा.

सर्व्हिस सेंटर कधी? गाडी वॉरंटीत असेल, किंवा लाईट कंपनीचीच एलईडी असेल तर. त्यात बऱ्याचदा सुटा बल्ब मिळतच नाही, अख्खा सेट बदलावा लागतो, खर्च हजारांत जातो.

साध्या हॅलोजनच्या सेटमध्ये एलईडी बल्ब टाकायची फॅशन आहे, मला नाही पटत. रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागची चकचकीत वाटी, बनवलाय हॅलोजन बल्बमधल्या तारेच्या जागेनुसार, एलईडीचा उजेड भलतीकडं फाकतो, समोरच्याचे डोळे दिपतात. ऊसाच्या सिझनला पंढरपूर रोडला मागं लाल दिवा नसलेली ट्रॉली अचानक पुढ्यात येते, तिथं उजेड नीट रस्त्यावर पडायला पाहिजे, झगमगाट काय कामाचा.

मागच्या लाईटी घरीच. एका बाजूचा इंडिकेटर भरभर टिकटिकायला लागला की त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. ब्रेकलाईट बघायला दुसरं माणूस नसेल तर संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून लावा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा.