जेनेसिस बो रिव्ह्यू: खांद्याचा सांधा बदललाय आणि परत तिरंदाजी करायचीय त्यांच्यासाठी

आधीच सांगते, हा बो शाळेतल्या पोरांसाठी बनवलेला आहे. अमेरिकेत केंटकीमध्ये 2002 साली शाळांमधून तिरंदाजी शिकवायचा एक कार्यक्रम सुरू झाला, नॅस्प म्हणतात त्याला, आणि तिथे सगळ्यांनी मॅथ्यूज कंपनीवाल्यांचा हा जेनेसिसच वापरायचा असा नियम आहे, म्हणजे चौथीतलं पोरगं आणि बारावीतलं पोरगं दोघांच्या हातात सेम वस्तू. मग साठीला टेकलेल्या, उजव्या खांद्यात धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसवलेल्या बाईने हा का घ्यावा? तर माझ्या मते खांदा बदलल्यावर परत सुरुवात करायला यापेक्षा सोयीचा बो मी तरी अजून हातात धरलेला नाही. आणि तो हलका आहे म्हणून नाही, हलके बो ढीगभर मिळतात. ओढताना तो कसा वागतो, त्यासाठी.

मी आधी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेला, बिनचाकांचा बो) मारायचे. मेटलचा रायझर (मधला धरायचा भाग), 32 पाउंडाचे लिंब (त्याला वर-खाली जोडलेले वाकणारे भाग, आणि पाउंड म्हणजे ओढायला लागणारा जोर), हौशीच पण नियमित. मग सांध्याची झीज, रात्री त्या कुशीवर झोपता येईना, शेवटी ऑपरेशन. माझं साधं रिप्लेसमेंट आहे, रिव्हर्सवालं नाही (रिव्हर्समध्ये गोळा आणि वाटी यांच्या जागाच उलट करतात आणि हात उचलायचं बरंचसं काम डेल्टॉइडवर, म्हणजे खांद्यावरच्या बाहेरच्या स्नायूवर येतं, त्या लोकांचं गणित वेगळं, त्यांनी माझं ऐकून काही ठरवू नये). साध्यामध्ये डॉक्टर बहुतेक वेळा पुढून शिरतात आणि सबस्कॅप्युलरिस नावाचा पुढचा स्नायू सोडवून परत शिवतात. म्हणून सुरुवातीचे आठवडे हात झोळीत, बाहेरच्या बाजूला फिरवायचा नाही, जोर लावून आत ओढायचा नाही, आणि ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. आता तिरंदाजी आठवून बघा, फुल ड्रॉला (दोरी पूर्ण ओढल्यावर) कोपर मागे जातं तेव्हा ताण नेमका खांद्याच्या पुढच्या बाजूलाच येतो. त्यामुळे पुढचं सगळं डॉक्टर आणि फिजिओ दोघांनी हो म्हटल्यानंतरचं आहे, त्याआधी काठीसुद्धा ओढू नका.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, किती किलो ओढता? पाउंड वगैरे त्यांना काही सांगून उपयोग नव्हता. 32 पाउंड म्हणजे साडेचौदा किलो, हे मी पहिल्यांदा किलोत बोलले आणि माझं मलाच कसंतरी झालं. गोळ्याचं फारसं टेन्शन नसतं म्हणाले, पण प्लॅस्टिकची वाटी कालांतराने सैल होऊ शकते, म्हणून झटके नकोत, जड वजन नको, हळूहळू आणि मोजून वाढवायचं. मोजून हा शब्द मी फारच मनावर घेतला आणि प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा घेतला. या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू तीच, बोचं नंतर बघा पण काटा घ्याच. दोरीला हुक अडकवायचा, हळू ओढायचं, आकडा वाचायचा, हळूच सोडायचं. आणि हे पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा, ऑपरेशन झालेल्या हाताने नाही.

आता मुद्दा. रिकर्व्हच्या लिंबवर जे पाउंड लिहिलेले असतात ते 28 इंच ड्रॉला (ड्रॉ म्हणजे दोरी ओढायची लांबी), आणि इंचाला साधारण दोन पाउंड कमीजास्त होतात. म्हणजे 20 चा लिंब माझ्यासारख्या 26 इंचवालीला सोळाच्या आसपास पडतो. ऐकायला छान वाटतं, पण रिकर्व्ह शेवटपर्यंत चढत जातो, सगळ्यात जड तो हनुवटीशी, म्हणजे कोपर मागे गेलंय आणि नवीन सांधा सगळ्यात नाजूक जागी आहे नेमका तेव्हा. नेहमीचा कंपाउंड (चाकं आणि केबलवाला बो) याच्या उलट, आधी घाट आणि मग पठार. 40 पाउंडाचा असेल आणि लेट ऑफ (शेवटी वजन जेवढं कमी होतं ते) 75 टक्के तर शेवटी बोटांवर फक्त 10 पाउंड राहतात, आणि रेंजवर सगळे तेवढंच सांगतात, अहो काकू 10 पाउंडच धरायचेत. पण त्या 10 पर्यंत पोचायला मधले 40 ओढावेच लागतात ना, तेही हात पुढे ताणलेला असताना. त्याहून वाईट म्हणजे बाण न सोडता परत खाली आणायचं झालं की पठारावरून एकदम घाटात, बो हात पुढे खेचून नेतो, हाच तो झटका जो डॉक्टर नको म्हणतात. आणि परत सुरू करणारा माणूस किती वेळा न सोडता खाली आणतो! पोझिशन नीट वाटली नाही, जरा कळ आली, आणलं खाली. माझं तर सुरुवातीला सोडण्यापेक्षा खाली आणणंच जास्त चाललं होतं.

जेनेसिसला लेट ऑफच नाही. चाक आहे, केबल आहेत, दिसायला पक्का कंपाउंड, पण सुरुवातीचे काही इंच वजन चढतं आणि मग शेवटपर्यंत जवळपास तेवढंच राहतं. 12 वर लावला तर 12. अर्ध्यात थांबा, पूर्ण ओढा, हळूहळू खाली आणा, कुठेही दगा नाही. त्यामुळे फिजिओ मॅडमनी रबर बँडवर जे करून घेतलं होतं, म्हणजे आधी खांद्याची पात मागे, मग कोपर, मग थांबा, मग तितक्याच सावकाश परत, ते जसंच्या तसं बोवर करता आलं. फक्त एक, दोरी बाणाशिवाय सोडायची नाही, कधीच नाही, बो फुटू शकतो आणि त्याचा हादरा सरळ खांद्यात जातो. आणि हात वर आकाशाकडे नेऊन खाली येत ओढायची सवय असेल (माझी होती) तर ती विसरा, बो खांद्याच्या उंचीवर आणून सरळ ओढायचा. हलक्या बोवर ते जमतं, जडवर नाही जमत म्हणून तर लोक वर नेतात.

वजन 10 ते 20 पाउंड, म्हणजे साडेचार ते नऊ किलो, आणि बदलायला फक्त ॲलन की. वरचा आणि खालचा बोल्ट सारखाच फिरवायचा आणि मॅन्युअलमध्ये दिलंय त्यापेक्षा जास्त सैल करायचा नाही, बस. अर्धा फेरा दिला, काट्यावर मोजलं, वहीत लिहिलं. मी वाढवताना बघत होते ते रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतंय ते, मारताना कधीच काही दुखत नाही हो, उत्साहात असतो आपण. सकाळी कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा नेहमीसारखा काढता आला तर वाढवायचं, नाही तर बोल्ट मागे. आयएलएफ रायझरलाही (लिंब बदलता येणारा रिकर्व्हचा रायझर) बोल्ट असतात पण त्यात साधारण दहा टक्के इकडेतिकडे होतं, त्यापुढे नवीन लिंबच घ्यावे लागतात.

ड्रॉ लेंग्थ 15 ते 30 इंच, काहीही सेट करायचं नाही. भाचीची मुलगी आली की हाच बो घेऊन अंगणात उभी राहते, तिच्यासाठी काही बदलावं लागत नाही आणि मला तेवढाच आराम.

ज्या गोष्टी रिव्ह्यूत कुणी लिहीत नाही त्या आता. रिकर्व्हला दर वेळी दोरी चढवावी लागते, स्ट्रिंगरवर (दोरी चढवायची वेगळी दोरी) पाय देऊन रायझर वर खेचायचा, आणि खांद्याला तो प्रकार दोनचार बाण मारण्यापेक्षा भारी पडतो. ही कटकट जेनेसिसला नाहीच, तो कायम चढवलेलाच असतो. (दोरी बदलायची झाली की मात्र बो प्रेस, म्हणजे बो दाबून धरायचं यंत्र लागतं, ते घरी नसतं, जवळ कंपाउंडवाली अकॅडमी आहे का ते आधी बघून ठेवा.) दुसरं म्हणजे टार्गेटमधून बाण उपटणं. बाण रुतलेला असतो आणि आपण सवयीने उजव्या हाताने हिसका देतो, बो ओढण्यापेक्षा वाईट आहे ते. रबराचा ॲरो पुलर घ्या, डाव्या हाताने फिरवत काढा, नाही तर सरळ रेंजवरच्या पोरांना सांगा, आनंदाने काढतात. बॅगही त्या खांद्यावर लटकवू नका.

डावखुरं होऊन बघावं का असं मलाही बऱ्याच जणांनी सुचवलं. बो डाव्या हाताचाही मिळतो. पण मग ऑपरेशनवाला हात बो धरायला लागतो, म्हणजे दीड किलोच्या आसपासचं वजन सरळ हाताने समोर धरायचं आणि बाण सुटेपर्यंत सगळा दाब त्याच सांध्यावर घ्यायचा. फिजिओ मॅडम म्हणाल्या, तुमच्या खांद्याला ओढणं परवडेल, धरून ठेवणं नाही. ज्यांचा बो धरायचा खांदा बदललाय त्यांनी मात्र हा प्रश्न नक्की विचारावा, आणि त्यांना जेनेसिसपेक्षा लाकडी रायझरचा हलका रिकर्व्ह जास्त मानवेल असं मला वाटतं, कारण वजनाच्या बाबतीत हा काही पिसासारखा नाहीये.

आता तक्रारी. याला वॉल नाही, म्हणजे मागे कुठे जाऊन टेकलो हे बो सांगत नाही, नेहमीच्या कंपाउंडला एका जागी अडतं तसं काही नाही. अँकर, म्हणजे दोरी दर वेळी आणून टेकवायची जागा, पूर्ण तुमच्या हनुवटीच्या भरवशावर. माझा जुना अँकर पक्का होता तरी खांद्याने जरा आखडतं घेतलं की दोरी अर्धा इंच पुढेच राहायची आणि बाण खाली. आरसा किंवा मोबाईलवर व्हिडिओ, दुसरा उपाय नाही. वेग कमी आहे, बाण चांगला कमानीत जातो. 10 मीटर, 15 मीटर मस्त (नॅस्पची पोरं तेवढ्यावरच मारतात, तेही नेम धरायच्या साईटशिवाय, बोटांनी दोरी ओढून), 18 मीटर इनडोअर ठीक, पण 50 मीटरचं स्वप्न असेल तर हा बो नाही. हलका बो म्हणून हलकेफुलके कार्बन बाण लावायचा मोहही नको, कंपनीचे जाडसर ॲल्युमिनियमचे 1820 मापाचे बाण येतात तेच बरे.

किंमत अमेरिकेत परवडणारी आहे, इकडे आणेपर्यंत बऱ्यापैकी महाग होतो. मला भाच्याने येताना आणून दिला. त्याआधी इथे एका दुकानात गेले होते, तिथले म्हणाले ताई 30 पाउंडाचा घ्या, महिन्यात सवय होते, कमीचा घेऊन नंतर पैसे वाया जातात. ऑपरेशन झालंय हे सांगितल्यावरही तेच. विशीतल्या पोराला हा सल्ला कदाचित चालत असेल. तुम्ही दुकानदाराशी हुज्जत घालत बसू नका, डॉक्टरांनी दिलेला किलोचा आकडा 2.2 ने गुणा आणि त्याच्याखालचाच बो मागा.

रेंजवर हसतात का, तर हो, थोडंसं. त्यात आमचा सातारा जिल्हा, इथली अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला 17 व्या वर्षी कंपाउंडची वर्ल्ड चॅम्पियन झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये, तोही साताऱ्यातच सराव करणारा, मग इथल्या प्रत्येक पोराला कंपाउंड म्हणजे लेन्स, रिलीज (दोरी सोडायचं हातातलं साधन), लांब स्टॅबिलायझर (तोल सांभाळायचा दांडा) असंच हवं असतं. त्या लायनीत माझं हे निळं खेळणं. रेंजवरचे कोच सर पहिल्या दिवशी म्हणाले, ताई हा पोरांचा बो आहे. मी म्हटलं ओढून बघा आणि एक मिनिट धरून ठेवा. लेट ऑफची सवय झालेल्या माणसाला 20 पाउंड एक मिनिट धरणं काय असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि आता नवीन मुलांना फॉर्मसाठी तेच कधीकधी माझा बो मागून नेतात.

तुमच्याकडे आयएलएफ रायझर आधीच असेल आणि सांधा बरा असेल, तर आधी 14 किंवा 16 पाउंडाचे साधे लिंब घेऊन बघा, खर्च कमी, आणि जुना रायझर हातात आल्याचं सुख वेगळंच. शेवटच्या दोन इंचात पुढून कळ येत असेल तर मग जेनेसिसकडे या. स्पर्धा खेळायच्या असतील तर हा मधला टप्पा समजा. मी सध्या तरी पुढच्या टप्प्याची घाई करत नाहीये, माझे जुने 32 चे लिंब रेंजवरच्या एका मुलीला दिले, तिला ते अगदी बरोबर बसतात.

रेटिंग द्यायचं तर खांदेवाल्यांसाठी पाचपैकी साडेचार, अर्धा वॉल नाही म्हणून कापला. बाकीच्यांसाठी तीन. फिंगर टॅब आणि आर्मगार्ड वेगळे घ्यावे लागतात, आणि ऑर्डर देताना उजव्या हाताचा की डाव्या हाताचा ते नीट वाचून घ्या.