ठेवली की विकली

आमच्या टीव्हीखालच्या कप्प्यात गेमचे आठ बॉक्स मावतात. नववा घातला की काचेचं दार लागत नाही, दार लागलं नाही की पोरगी आतलं सगळं बाहेर काढून फरशीवर मांडते, आणि मग बायको काही बोलत नाही, नुसती माझ्याकडे बघते. म्हणून नियम ठरलाय, नवीन डिस्क घरात आणायची तर एक विकून यायची. आधी पीएस फोर, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन फोर होता, गेल्या दिवाळीत पीएस फाइव्ह घेतला, मुद्दाम डिस्कवालाच, कारण डिजिटल गेम एकदा घेतला की तो आपल्याच गळ्यात, आणि नवीन मोठा गेम पाच हजाराच्या घरात जातो हो. तर खाली दहापैकी मार्क वगैरे काही नाहीत. ठेवली की विकली, एवढंच सांगणार. आणि आधीच सांगतो, मला खेळायला मिळतो रोज एक तास, साडेदहा ते साडेअकरा, पोरगी झोपल्यावर, आवाज बारीक करून. कॉलेजातल्या पोरांचं मत वेगळं असणार, असू दे.

कप्प्यातली सगळ्यात जुनी डिस्क म्हणजे अनचार्टेड द लॉस्ट लेगसी, २०१७ चा गेम. यात नेहमीचा हिरो नेथन ड्रेक नाही, क्लोई फ्रेझर आणि नदीन रॉस अशा दोघी आहेत, आणि फिरतात कुठे तर आपल्या पश्चिम घाटात! म्हणजे कर्नाटकाकडच्या, होयसळ राजांच्या मुलखात, गणपतीचा तुटलेला दात शोधत. मी सह्याद्रीत बऱ्यापैकी भटकलोय, त्यामुळे जीप घेऊन त्या मोठ्या मॅपमध्ये पहिल्यांदा उतरलो तेव्हा मिशन राहिलं बाजूला, वीस मिनिटं नुसती चिखलातनं गाडी चढवत बसलो. चढावर चाकं जागच्या जागी फिरतात, जीप आडवी होऊन खाली सरकायला लागते, मग उतरायचं, पुढचा विंचचा दोर ओढत नेऊन झाडाला अडकवायचा आणि वर यायचं. पावसाळ्यात ताम्हिणीच्या आतल्या कच्च्या रस्त्यावर ज्याची गाडी रुतलीय त्याला हे काय सांगायला नको. धबधबे, शेवाळलेले दगड, मधेच हत्ती, डोळ्याला एकदम थंड वाटतं.

पण ज्याने हळेबीडचं होयसळांचं देऊळ बघितलंय त्याला हसू येणार. होयसळांचं काम म्हणजे मऊ दगडात सोनाराने करावी तशी बारीक नक्षी, खाली हत्तींची रांग, त्यावर सिंह, घोडे, मूर्तीच्या गळ्यातल्या माळेचे मणी मोजून घ्या. गेममध्ये काय, तर डोंगराएवढ्या मूर्ती, त्यांच्या दंडावरून उड्या मारा, दगडी चाकं फिरवून दारं उघडा. होयसळ हे नाव घेतलं आणि वरचं सगळं आपल्या मनाने रचलं असा प्रकार आहे. तरी एक जागा मला फार आवडली. परशुरामाने परशू फेकला, तो शंकरानेच त्याला दिलेला, बापाच्या शस्त्राचा मान राखायचा म्हणून गणपतीने तो दातावर झेलला, ही मी आजीकडनं ऐकलेली गोष्ट क्लोई नदीनला सांगते, आणि ती कोड्यातल्या खुणेसारखी सांगत नाही, आपल्या घरातली गोष्ट सांगावी तशी सांगते. परदेशी गेममध्ये एकदंताची गोष्ट इतक्या सरळपणे सांगितलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. व्हिलन असाव मात्र पुळचट, त्याला का मारायचं हे मला अजून नीट आठवत नाही. आठेक तासात गेम संपतो, सेकंडहँड सहाशेला घेतला होता. ठेवली.

रेड डेड रिडेम्पशन टूची वेगळीच गंमत. याच्या बॉक्समध्ये दोन डिस्क असतात, एक डेटा डिस्क आणि एक प्ले डिस्क, आधी डेटावाली घालून तासभर इन्स्टॉल होऊ द्यायचं आणि मग दुसरी. मी एका गाळ्यातनं सेकंडहँड घेतला, घरी येऊन उघडतो तर दोन्ही प्ले डिस्क. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, "साहेब, दोन डिस्क आहेत ना? दोनच असतात." त्याला समजावण्यात अर्धा तास गेला, शेवटी त्याने मागचा सगळा ढीग उपसला आणि दुसऱ्या एका बॉक्समधून दोन डेटा डिस्क निघाल्या. सेकंडहँड घेणाऱ्यांनो, तिथेच उघडून वाचून घ्या डिस्कवर काय लिहिलंय ते.

गेमबद्दल सगळे म्हणतात स्लो आहे. आहेच. १८९९ ची अमेरिका, दरोडेखोरांची टोळी, आणि टोळीचे दिवस भरलेत हे आर्थर मॉर्गनला कळतंय पण त्यांचा म्होरक्या डच कबूल करत नाही. कपाटाचा एकेक खण हाताने उघडायचा, एकेक डबा उचलायचा, हरीण मारलं तर ते सोलताना अख्खं बघायचं. एका रात्रीचा माझा हिशोब सांगतो, एक हरीण मारलं, सोललं, घोड्यावर टाकलं, कॅम्पात नेऊन स्वयंपाक्याला, त्या पिअरसनला दिलं, साडेअकरा वाजले, टीव्ही बंद. आणि मला अजिबात वाटलं नाही की तास वाया गेला! घोडा चिखलात चालतो तो आवाज ऐकत बसलो तरी चालतं. माझी तक्रार स्लोपणाबद्दल नाही, बटणांबद्दल आहे. समोरच्या माणसाशी बोलायचं तर एल टू, आणि हातात बंदूक असेल तर तोच एल टू म्हणजे नेम धरणे. व्हॅलेंटाइन नावाच्या गावात दुकानदाराला राम राम करायला गेलो, बंदूक हातातच राहिली होती, तो हात वर करून उभा, बाहेर बोंबाबोंब, आणि मी बिनगुन्ह्याचा पळतोय. असं एकदा झालं तर विनोद, पाच वेळा झालं की डोक्याला शॉट. एवढ्या बारकाईने घोड्याच्या घामापर्यंत विचार केलेल्या लोकांना एक वेगळं बटण सुचू नये? तरी ठेवली. ही मी विकणारच नाही.

असॅसिन्स क्रीड वल्हाला विकली, आणि विकताना हात जरासुद्धा थरथरला नाही. नवव्या शतकातलं इंग्लंड, व्हायकिंग लोक, नदीतनं बोटी, सुरुवात झकास. पण हा गेम म्हणजे लग्नाच्या पंगतीतला आग्रह, पोट भरलं म्हटलं तरी वाढपी जिलबी घेऊन उभाच. एक प्रांत झाला की दुसरा, तिथे परत एक राजा, परत एक फितूर, परत एक वेढा. नुसती मेन स्टोरीच साठ तासांच्या आसपास, म्हणजे माझ्या हिशोबाने दोन महिने. त्यात एकच गोष्ट अशी की जिच्यासाठी मी थांबलो असतो, फ्लायटिंग, म्हणजे समोरासमोर उभं राहून यमक जुळवत एकमेकांची इज्जत काढायची. आपल्या सवाल-जवाबाचा चुलतभाऊच म्हणा. तेवढंच वेगळं विकलं असतं तर घेतलं असतं.

गॉड ऑफ वॉर रॅग्नारोकबद्दल लोक मारायला धावतील पण सांगतो. कुऱ्हाड फेकून परत हातात येते तेव्हा कंट्रोलरला जो धक्का बसतो त्याला तोड नाही, मारामारी एक नंबर. पण सोबतची मंडळी गप्प म्हणून बसत नाहीत. कोडं काय आहे हे बघायच्या आधी मागनं उत्तर येतं, ते चाक गोठव, तिकडे मार. कॅरम खेळताना मागे उभा राहून "अरे ती घे ना कटला" करणारा काका असतो ना, तो इथे फुकट मिळतो. आणि आयर्नवुड नावाच्या जंगलातला तो हिरोच्या पोराचा भाग, फळं गोळा करत हिंडायचा, मी दोनदा झोपलो त्यात. विकली, भाव चांगला आला.

द लास्ट ऑफ अस पार्ट टू पण विकली, पण वाईट म्हणून नाही हं. २०२० चा गेम आणि अजून त्याच्यासारखं चेहऱ्यावरचं काम कमी जणांना जमतं. अर्ध्यात तो तुम्हाला उचलून दुसऱ्याच बाजूला नेऊन बसवतो, मला आधी राग आला, मग वाटलं बरोबर केलं. दिसायला, ऐकायला त्रास असणाऱ्यांसाठी साठच्या वर सेटिंग दिलीत, हे सगळ्यांनी शिकण्यासारखं. पण रात्री साडेअकराला संपवून मी एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडलो. परत खेळण्याची छाती नाही, मग जागा कशाला अडवायची.

सायबरपंक २०७७ ची कथा सगळ्यांना माहितीय, २०२० च्या डिसेंबरात आला तेव्हा जुन्या कन्सोलवर एवढी बोंब झाली की सोनीने आठवड्याभरात आपल्या स्टोअरवरून काढून टाकला आणि लोकांना रिफंड दिले. परत आला तो पुढच्या जूनमध्ये. मी शहाणपणा केला, थांबलो, आणि पीएस फोरची डिस्क स्वस्तात उचलून पीएस फाइव्हमध्ये घातली, त्यावर पीएस फाइव्हचं व्हर्जन फुकट मिळतं. आता झालाय तो गेम. शहर तर असं की गाडी चालवायची सोडून पायी फिरावं, तशीही गाडी साबणावरून चालल्यासारखी चालते. मेन स्टोरीपेक्षा छोटी कामं सरस. विकली, आणि महिन्याभरात पस्तावलो, आता परत शोधतोय.

घोस्ट ऑफ त्सुशिमा ठेवली. साल १२७४, मंगोलांचं सैन्य जपानच्या त्सुशिमा बेटावर उतरलंय, सामुराई जिन साकाई एकटा उरलाय. रस्ता दाखवायला बाण नाही, टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो आणि गवत जिकडे झुकेल तिकडे जायचं. इतकी साधी आयडिया, पण त्यामुळे मॅपकडे बघत बसणं बंद होतं. कोल्ह्यामागे पळत देवळी गाठायचं पहिल्यांदा गोड वाटतं, पण एकोणपन्नास वेळा? असो. खऱ्या त्सुशिमा बेटावर वादळात एका देवस्थानाची तोरी, म्हणजे दारातली कमान, पडली तेव्हा ती उभारायला हा गेम खेळणाऱ्यांनीही पैसे पाठवले, यावरून समजा लोकांचा जीव किती अडकला होता.

इट टेक्स टू बायकोबरोबर खेळलो. हा एकट्याने खेळताच येत नाही, दोघं लागतातच. घटस्फोटाच्या वाटेवरचे नवरा-बायको बाहुल्या होतात आणि मुलीकडे परत पोचायचं असतं. दर अर्ध्या तासाला खेळायची पद्धतच बदलते, एकाच्या हातात खिळे तर दुसऱ्याच्या हातात हातोडीचं डोकं, एकाने खिळा फेकून रोवायचा आणि दुसऱ्याने त्याला लोंबकळायचं. आम्ही इतके भांडलो, "अरे आता मार ना" "तू उडी तरी मार", की पोरगी उठली. मग ती हत्तीण आली. मुलीचं आवडतं खेळणं, ते तोडलं की मुलगी रडेल आणि आपला शाप सुटेल म्हणून त्या बिचारीला ओढत कडेला न्यायचं, ती गयावया करतेय, एक पाय अडकतो, कान फाटतो, आणि बटण आपल्यालाच दाबावं लागतं. बायकोने कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि म्हणाली, "मी नाही दाबणार, तूच दाब." तो दिवस तिथेच संपला. त्यातलं ते बडबडं पुस्तक, डॉक्टर हकीम, मला अजिबात सहन झालं नाही, पण डिस्क विकायची माझी टाप नाही.

ॲस्ट्रो बॉट तर माझी राहिलीच नाही, ती पोरीची. पाऊस पडला की कंट्रोलर तळहातात टपटप करतो, ती खेळत नाही, नुसता धरून बसते.

राजी ॲन एन्शंट एपिक मी डिजिटल घेतला, म्हणजे ठेवली-विकलीचा प्रश्नच नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० चा. पुण्याचा म्हणून मार्क वाढवणार नाही, उलट अपेक्षा जास्तच होती. सर्कशीत वाढलेली राजी, तिचा भाऊ गोलू राक्षसांनी पळवलेला, वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलतायत. राजस्थानी वाडे, झरोके, भिंतीवरची चित्रं आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट, हे सगळं बघून मन भरतं. पण मारामारी अडखळते, राजीने उडी मारून घाव घालेपर्यंत राक्षस भलतीकडेच गेलेला असतो. आणि शेवट म्हणजे गाणं रंगात आलं आणि लाइट गेली. नंतरच्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये हिंदी आवाज आहेत, तोच लावा, दुर्गा इंग्रजीत बोलताना कानाला खडे लागतात.

राहिला एल्डन रिंग. यात पॉज नाही. मला माहितीय हा सगळ्या जगाने डोक्यावर घेतलेला गेम आहे, उगाच घेतलेला नाही, कुठलाही कडा चढून गेलो की पलीकडे काहीतरी असतंच, आणि कोणी सांगायला येत नाही की इथे जा. पण पॉज नाही! मार्गिट नावाचा म्हातारा काठी उगारून उभा, त्याचं रक्त बोटभर राहिलंय, माझा हात घामेजलाय आणि आतून "बाबा, पाणी". कंट्रोलर टाकून गेलो, परत आलो तोवर स्क्रीनवर मी मेलेलो. याला कोणी डिझाइन म्हणतं, मी याला माणसाच्या घरात काय चालतं ते माहीत नसणं म्हणतो. तीसेक वेळा मेलो. मग भाचा सुट्टीत आला, मागे बसून दोन वेळा बघितलं आणि म्हणाला, "मामा, तू घाई करतोस. तो काठी वर धरून ठेवतो बघ, तू आधीच रोल मारतोस आणि मग तो मारतो. थांब ना जरा." थांबलो, आणि पुढच्या तिसऱ्या प्रयत्नात पडला तो म्हातारा. ओरडायचं होतं पण पोरगी झोपलेली.

जाताना भाचा म्हणाला आठ दिवसात देतो. त्याला आता चार महिने झाले. डिस्क त्याच्याकडे, आणि रिकामा बॉक्स आमच्या कप्प्यात, आठातली एक जागा अडवून. बायको म्हणते तो टाकून दे, मी म्हणतो आणेल तो गणपतीला येताना.