पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली अट: एका ओळीत की इफ-एलिफ-एल्समध्ये?

ठाणे-वाशी लोकलच्या तिकिटाचा हिशेब घ्या. १२ वर्षांखालच्या मुलाला अर्धे भाडे, इतरांना पूर्ण. दोनच किमती, म्हणून इफ (जर) आणि एल्स (नाहीतर) वापरून 'भाडे = अर्धे इफ वय < १२ एल्स पूर्ण' एवढी ओळ पुरते. पायथनमध्ये ही सोय २००६ च्या २.५ आवृत्तीपासून आहे. इथे एल्स मात्र सक्तीचा.

घात होतो कंस विसरल्यावर. समजा, सामानाचे २० रुपये जोडायचेत. 'भाडे + २० इफ सामान एल्स ०' लिहिले, तर सामान नसलेल्याचे अख्खे भाडेच शून्य होते, कारण बेरीज पहिल्या पर्यायाला चिकटते. 'भाडे + (२० इफ सामान एल्स ०)' हवे.

५ वर्षांखाली मोफत, हा तिसरा नियम आला की सरळ वेगवेगळ्या ओळींतले इफ-एलिफ-एल्सच बरे (एलिफ म्हणजे 'नाहीतर जर'); त्यात वरून पहिली खरी ठरलेली अटच लागू होते. तिथे 'वय < ५' आधी तपासा; 'वय < १२' वर ठेवले, तर चार वर्षांच्या पोरालाही अर्धे तिकीट लागते.