कार्पल टनेल सिंड्रोम: उघडी शस्त्रक्रिया की दुर्बिणीची?
रात्री मुंग्यांनी जाग येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे आणि अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत बधिरता असूनही करंगळी मात्र शाबूत राहणे, ही मनगटात मीडियन नर्व्ह ही हाताला संवेदना देणारी नस दबल्याची, म्हणजेच कार्पल टनेल सिंड्रोमची, ठळक लक्षणे असून, ती किती दबली आहे हे नसेतून विद्युत संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या नर्व्ह कंडक्शन चाचणीने कळते. नसेवरचा दाब कमी करण्यासाठी दोन्ही शस्त्रक्रियांत कापला जातो तो तिच्यावरचा एकच आडवा अस्थिबंध (हाडांना जोडणारा चिवट पट्टा); फरक आहे तो तिथवर पोहोचण्याच्या वाटेचा. उघड्या पद्धतीत तळहातावर साधारण ३ ते ५ सेंटिमीटरचा छेद घेतात, त्यामुळे नस आणि तिची अंगठ्याकडे जाणारी फांदी सर्जनला थेट दिसते. मात्र व्रण बरेच आठवडे दुखरा राहतो आणि तळवा टेकून उठताना ते चांगलेच जाणवते. दुर्बिणीच्या पद्धतीत मनगटाच्या घडीजवळ सुमारे १ सेंटिमीटरचा छेद पुरतो आणि रुग्ण सहसा लवकर कामाला लागतो, पण नसेला तात्पुरती इजा होण्याचा धोका थोडा अधिक असतो. वर्षभरानंतर दोन्हींचे परिणाम जवळपास सारखेच दिसतात; म्हणूनच, माझ्या मते, त्या पद्धतीत सर्जनचा हात किती बसला आहे हे आधी विचारावे. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खपाटीला जाऊ लागला असेल, तर मात्र निवडीच्या घोळात वेळ दवडू नये.