नोकरी सांभाळून विज्ञान शिकायचंय? आधी रजा मोजा

औषध कंपनीत, रंगाच्या कारखान्यात किंवा दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करणारे बरेच जण बारावी कॉमर्स किंवा आर्ट्स झालेले असतात. टायट्रेशन, म्हणजे द्रावणातल्या घटकाचं प्रमाण मोजण्याचा प्रयोग, रोज स्वतःच्या हाताने करतात, पण रिपोर्टवर सही दुसऱ्याची, कारण बी.एस्सी. नाही. मीही त्यातलाच. एकतिसाव्या वर्षी बारावी पुन्हा केली, या वेळी विज्ञानातून, आणि मग पदवीकडे वळलो. त्यामुळे 'कुठून करू?' असं आता मला बरेच जण विचारतात. बारावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आणि राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून परीक्षा देण्याचा अर्ज, हे दोन पर्याय समोर असतात. पदवीसाठी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, असतं. विचारणारे बहुतेक वेळा फी आणि पुस्तकांबद्दलच बोलतात. मी त्यांना आधी वर्षाच्या रजा मोजायला सांगतो. विज्ञानात लेखी अभ्यास रात्री घरी होतो, प्रयोग मात्र दिवसा आणि प्रयोगशाळेतच करावे लागतात.

दोन मंडळांमधला पहिला फरक वेळापत्रकाचा. राज्य मंडळाची मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुरवणी परीक्षा जुलैच्या सुमाराला होते. एनआयओएसची सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा असते. पण खरा फरक यापुढचा आहे. एनआयओएसची नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. जो विषय सुटला तो तुमचा झाला, तो पुन्हा द्यावा लागत नाही. प्रमाणपत्रासाठी पाच विषय लागतात आणि त्यात किमान एक भाषा हवी. राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत साधारणपणे सहा विषय असतात, शिवाय पर्यावरण शिक्षण. ज्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्याच्यासाठी 'एका वेळी एकच विषय' ही मुभा फार मोठी असते. मी ती सुरुवातीला वापरली नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असे तिन्ही विषय एकाच सत्रात घेतले, आणि भौतिकशास्त्र राहिलं. पुढच्या सत्रात फक्त तोच विषय घेतला तेव्हा समजलं की हे आधीच करायला हवं होतं.

गुणांची विभागणीही बघा. राज्य मंडळात भौतिकशास्त्राचे ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. एनआयओएसमध्ये लेखी ८० आणि प्रात्यक्षिक २०. एनआयओएसच्या लेखी गुणांतला पाचवा हिस्सा, म्हणजे १६ गुण, घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांवर असतात. नोकरदाराला हे गुण सोडणं परवडत नाही. तारीख चुकवली नाही आणि मनापासून लिहिलं, तर परीक्षेआधीच थोडी शिदोरी गाठीला लागते. उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के लागतात, पण ते लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे. लेखीत ६० मिळाले आणि प्रयोगांना गैरहजर राहिलात, तर विषय राहतोच.

सतरा नंबरचा फॉर्म कला-वाणिज्यवाल्यांना जितका सरळ जातो, तितका विज्ञानवाल्यांना जात नाही. खासगी विद्यार्थ्याला एखाद्या संपर्क महाविद्यालयाशी जोडून घ्यावं लागतं आणि त्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा नियमित मुलांनी भरलेली असते. म्हणून फॉर्म भरण्याआधी तिथल्या विज्ञान विभागात जाऊन विचारा: प्रयोग कुठल्या महिन्यात होतात, किती दिवस येतात, जर्नल कोण तपासतं? ठोस उत्तर मिळालं, गावाजवळ असं महाविद्यालय असलं आणि तुमचं गणित पक्कं असलं, तर राज्य मंडळही उत्तम. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, आणि जुन्या प्रश्नपत्रिका, मार्गदर्शकं, शेजारच्या मुलीच्या क्लासच्या नोट्स असं सगळं त्याच अभ्यासक्रमाचं हाताशी असतं. हा फायदा मी छोटा मानत नाही, एकट्याने शिकणाऱ्या माणसाला विचारायला कुणीतरी लागतंच. एनआयओएसची पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि स्वतः वाचून समजतील अशा पद्धतीने लिहिलेली आहेत, पण अडलं तर आसपास तोच अभ्यासक्रम शिकवणारा सहसा भेटत नाही. मला तरीही कुणी एकच सुचवायला सांगितलं, तर शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला मी एनआयओएसच सुचवेन.

आता पदवी. बारावी कॉमर्सवर थेट बी.एस्सी. होत नाही. इग्नूलाही बारावी विज्ञानच लागते, ही गोष्ट लोक फार उशिरा विचारतात. इग्नूची तीन वर्षांची सर्वसाधारण बी.एस्सी. १३२ क्रेडिटची. एका क्रेडिटला ३० तास अभ्यास धरतात, म्हणजे एकूण ३,९६० तास. ती किमान तीन वर्षांत आणि जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करायची असते. तीन वर्षांत करायची तर आठवड्याला पंचवीस तास लागतात, सहा वर्षांत तेरापेक्षा थोडे कमी. घरात लहान मूल आणि आठ तासांची ड्युटी असताना पंचवीस तास निघत नाहीत, तेरा निघतात. म्हणून सुरुवातीलाच सहा वर्षं धरून चला, मग मागे पडल्याचं दडपण येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांच्या रचना येत आहेत, तेव्हा प्रवेशाआधी त्या सत्राची माहितीपुस्तिका नीट वाचा. लेखी विषयांत ३० टक्के भार स्वाध्यायांवर आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेवर असतो. ही परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होते.

इथे रजांचा प्रश्न पुन्हा येतो. इग्नूचे प्रयोग रविवारी तासाभरात उरकत नाहीत. अभ्यासकेंद्रावर सलग दिवस पूर्णवेळ हजर राहावं लागतं. दोन क्रेडिटच्या प्रयोगशाळेला साधारण आठवडा, चार क्रेडिटला दोन आठवडे धरा, आणि हजेरी सक्तीची. बाहेरगावी राहणाऱ्याला त्यात मुक्कामाचा खर्चही येतो. कंपनीत रजेचं नियोजन एप्रिलमध्ये होत असेल तर तेव्हाच साहेबांच्या कानावर घाला. मी ते केलं, म्हणून वार्षिक रजा प्रयोगांसाठी राखून ठेवता आल्या. ज्यांच्याकडे वर्षाला दहा दिवसही मोकळे निघत नाहीत, त्यांनी एका वर्षात एकच प्रयोगशाळा घ्यावी.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांना शिकवतंय आणि अभ्यासकेंद्र जवळ असेल तर तेही चौकशीच्या यादीत हवंच. स्वयम आणि एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स वेगळ्या कामाचे. ते पदवी देत नाहीत, पण आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकायला मिळतात आणि एनपीटीईएलच्या प्रमाणपत्राला २५ टक्के स्वाध्याय, ७५ टक्के परीक्षा असा हिशोब असतो. इग्नूच्या पुस्तकातला एखादा विषय डोक्यात शिरत नसेल तेव्हा मला यांचाच आधार वाटला.

मान्यतेची भीती बऱ्याच जणांना असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यता दिलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. पण डोळा फार्मसी किंवा नर्सिंगवर असेल, तर ते अभ्यासक्रम दूरशिक्षणाने होत नाहीत. अशांनी बारावी विज्ञान एनआयओएसमधून करावी, पण पुढची दोन-चार वर्षं नोकरी सोडून नियमित महाविद्यालयात जाता येईल का, हे घरात आधी बोलावं.

पैसे भरण्याआधी आणखी एक करा. एनआयओएसच्या भौतिकशास्त्राचा पहिला भाग उतरवून घ्या आणि पंधरा दिवस रोज रात्री कामावरून आल्यावर त्यातली उदाहरणं वहीत सोडवा. सदिश आणि लॉगॅरिथमपाशी अडलात तर एक सत्र फक्त गणितासाठी द्या आणि भौतिकशास्त्र पुढच्या सत्रात घ्या.