पाळी तोंडावर आणि खाज सुटली: पोटात घ्यायची गोळी की आत ठेवायची?

ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत उभ्यानं जाताना योनीतली ही बुरशीची खाज सोसणं काय असतं, ते जिनं भोगलंय तिलाच कळेल. हलता येत नाही, कुणाला सांगताही येत नाही. मला गेल्या पाच-सहा वर्षांत हे तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत.

पहिल्या खेपेला मी नौपाड्यातल्या एका मेडिकलमध्ये गेले. काउंटरपाशी चार पुरुष उभे होते. मी हळूच "फंगल इन्फेक्शनचं काहीतरी द्या" म्हटलं आणि मला एक क्रीम वर्तमानपत्रात गुंडाळून मिळालं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी आग दुप्पट. डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली: बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड. स्टेरॉइडनं खाज तेवढी दबते आणि बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. म्हणून निवड करण्याआधीच सांगते, नुसतं "क्रीम द्या" म्हणून काही घेऊ नका. मेडिकलमध्ये दोन-तीन औषधांचं एकत्र 'किट' पुढे केलं तर तेही नको. त्यातली अँटिबायोटिक्स बुरशीवर चालत नाहीत, उलट योनीतले चांगले जंतू मारून बुरशीला वाट करून देऊ शकतात.

आधी ही बुरशीच आहे ना, ते बघा. बुरशी असेल तर स्राव पांढरा, फाटलेल्या दुधासारखा गुठळ्यांचा असतो, वास फारसा येत नाही, खाज सुटते आणि लघवीच्या वेळी बाहेरची त्वचा चुरचुरते. पातळ, राखाडी स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर तो बहुतेक जिवाणूंचा प्रकार, आणि तो पाळीच्या सुमारास किंवा पाळीनंतर जास्त जाणवतो. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव हा आणखी वेगळा आजार. या दोन्हींवर बुरशीच्या गोळ्या वाया जातात. आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल तर अंदाज बांधू नका, एकदा तपासून घ्या.

आता पाळीचा संबंध. बीज सुटून गेल्यावर पाळी येईपर्यंतच्या दिवसांत शरीरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही चढे असतात. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचाच साठा, वाढतो आणि कॅन्डिडा नावाच्या बुरशीला ते मानवतं. पाळी सुरू झाली की हार्मोन्स उतरलेले असतात, शिवाय रक्त पडतं. योनीची आम्लता एरवी ३.८ ते ४.५ पीएच असते (पीएचचा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) आणि रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास, म्हणून रक्तानं आम्लता घटते आणि बुरशीला ते मानवत नाही. त्यामुळे काहींना पाळी आल्यावर आपोआप उतार पडतो. "पाळी आली की जाईल" असं आपल्या आया-मावश्या म्हणतात ते अगदीच खोटं नाही. खाज किरकोळ असेल आणि पाळी उद्या-परवावर असेल तर थांबायला हरकत नाही. पण उतार पडला म्हणजे बुरशी गेलीच असं नाही. पुढच्या महिन्यात त्याच सुमाराला ती पुन्हा डोकं वर काढू शकते. रात्री झोप लागत नसेल तर थांबण्यात काही अर्थ नाही.

औषध घ्यायचं ठरलं की पर्याय दोन.

पोटात घ्यायची ती फ्लुकोनाझोल, १५० मिलिग्रॅम, एकदाच. ती रक्तातून पोचते, त्यामुळे पाळी चालू असली तरी फरक पडत नाही. एका गोळीचा अंमल बरेच दिवस राहतो, कारण शरीरातून निम्मं औषध बाहेर पडायलाच साधारण ३० तास लागतात. उतार मात्र लगेच दिसत नाही, एक-दोन दिवस कळ काढावी लागते. कुणाला मळमळतं, कुणाचं डोकं दुखतं. गरोदर असाल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल तर ही गोळी नको. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांच्याशी तिचं जमत नाही, म्हणून चालू औषधं डॉक्टरांना सांगूनच ती घ्यायची.

आत ठेवायची ती क्लोट्रिमाझोल. ५०० मिलिग्रॅमची एक रात्र, २०० च्या तीन रात्री किंवा १०० च्या सहा रात्री. औषध जागेवरच काम करतं, बाकी शरीरात जवळजवळ जात नाही, म्हणून गरोदरपणात डॉक्टर हेच देतात, तेही सहसा जास्त दिवसांसाठी. आग मात्र पहिल्या रात्री थोडी वाढू शकते. मला पहिल्यांदा हात लावायचीच भीती वाटली होती. रात्री सगळं आवरून, हात धुऊन उताणं पडायचं, गुडघे वर घ्यायचे आणि गोळी बोटानं किंवा सोबतच्या अ‍ॅप्लिकेटरनं जमेल तितकी आत सरकवायची. नंतर उठून फिरायचं नाही. सकाळी पँटीवर पांढरा भुगा दिसतो, तो गोळीचाच चुरा. मी तो बघून आजार वाढला म्हणून घाबरले होते. पातळ पॅड लावून झोपलं की झालं. क्लोट्रिमाझोलमुळे कंडोम कमजोर होऊ शकतो, त्यामुळे त्या दिवसांत त्यावर विसंबू नका.

गुणाला दोन्ही सारखीच. औषध पूर्ण घेणाऱ्या शंभरातल्या ८० ते ९० जणींना बरं वाटतं. म्हणून माझ्या मते निवड तारखेवर करावी. पाळीला आठवडा किंवा जास्त अवकाश असेल तर आतली तीन रात्रींची. पाळी दोन-तीन दिवसांवर असेल किंवा तारखेचा भरवसा नसेल तर पोटातली, कारण आतली गोळी मध्येच रक्तासोबत वाहून जाते आणि टॅम्पॉन वापरलात तर तो औषध शोषून घेतो. सहा रात्रींचा कोर्स पाळीच्या तोंडावर सुरू करणं मला पटत नाही.

दही लावणं, लसूण ठेवणं, सुगंधी वॉशनं आतून धुणं, यातलं काहीही करू नका.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर हा निवडीचा प्रश्नच उरत नाही. स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर स्रावाचा नमुना, घेऊन कल्चर, म्हणजे त्यात कोणती बुरशी वाढते याची तपासणी, करावं लागतं, कारण कॅन्डिडाचा एखादा प्रकार या नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. साखरही तपासायची. कोपरखैरण्याच्या माझ्या आत्याची पाळी जाऊन दहा वर्षं झाली, तरी तिला हा त्रास सुरू झाला. मधुमेहासाठी तिला नव्यानं डापाग्लिफ्लोझिन लावलं होतं. त्या गोळीनं साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. डॉक्टरांनी विचारेपर्यंत तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. ताप, ओटीपोटात दुखणं किंवा जखमा असतील तर वाट न बघता दाखवा. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळतं आणि नाव बाहेर जात नाही.

तिसऱ्या खेपेला स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीचा ठिपका बघितला, पाळीला नऊ दिवस होते. डॉक्टरीणबाईंना फोनवर तेवढंच सांगितलं. त्यांनी तीन रात्रींची गोळी लिहून दिली आणि चौथ्या दिवशी मी ऐरोलीपर्यंत निवांत गेले.