आरसी (रिमोटने उडवायच्या) विमानाच्या सामानाला पत्र्याची पेटी: धुळ्यात ऑर्डर देऊन बनवली, कशी आहे ते सांगतो

आधी व्यवहाराचं. २४ गेजचा जीआय पत्रा, १८ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच, वरती उचलून काढता येणारा ट्रे, खाली तीन कप्पे, दोन्ही बाजूंना धरायला कड्या, समोर एकच कडी-कोयंडा. कलर धरून १७०० रुपये घेतले, घासाघीस करून. रिकामी उचलली तरी साडेचार-पाच किलो भरते. दुकान आग्रा रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे, कोठ्या आणि ट्रंका बनवणारं, पाटी-बिटी काही नाही, ठोकाठोकीचा आवाज येईल तिकडे वळायचं.

आता लोकं म्हणतील रेडीमेड टूलबॉक्स मिळतात की हार्डवेअरला, पत्र्याची पेटी कशाला, लग्नातली ट्रंक आहे का ही. तर रेडीमेडचं असं आहे की प्लास्टिकची टूलबॉक्स पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवायला बनवलेली असते, त्यात रेडिओ, म्हणजे विमान चालवायचा हातातला ट्रान्समीटर, ठेवायची वेळ आली की सगळं बिघडतं. ट्रान्समीटर आडवा ठेवला तर स्टिक (त्याच्यावरच्या दांड्या) दाबल्या जातात, उभा ठेवला तर झाकण लागत नाही. वरून त्या क्लिपा, आपल्याकडच्या उन्हात दोन सीझन काढले की एक दिवस कट करून हातात येतात. ऑनलाइन जे फील्ड बॉक्स म्हणून मिळतं ते बहुतेक प्लायवूडचं, आणि जुन्या ग्लो इंजिनच्या (इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनच्या) हिशोबाने डिझाइन केलेलं, म्हणजे इंधनाच्या बाटलीला खाचा, १२ व्होल्टच्या बॅटरीला कप्पा, स्टार्टर अडकवायला जागा. इलेक्ट्रिकवाल्याला त्यातलं अर्धं काहीच कामाचं नाही. आणि ते बॉक्स बनवणाऱ्याने गृहीत धरलंय की माणूस कारने येतो, डिकी उघडतो आणि रनवेच्या बाजूला बॉक्स ठेवतो. आपण स्प्लेंडरवर जातो भो. हायवे सोडला की गाडरस्ता, गाडरस्त्यावर फुफाटा, मागे कॅरिअरला पेटी, आणि पेटीवर पट्ट्याने बांधलेलं विमान. ह्या प्रवासातून सामान सुखरूप पोचवायचं हे पेटीचं पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

दुकानदार म्हणजे एक म्हातारे आप्पा आणि त्यांचा मुलगा. मी वर्तमानपत्रावर खऱ्या मापाचं चित्र काढून नेलं होतं आणि सोबत ट्रान्समीटर पण नेला. आप्पांनी विचारलं, "भाऊ, हाई पेटीमा काय ठेवनं से?" म्हटलं, विमानाचं सामान. मग मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, तो त्यांनी दोनदा बघितला, मुलाला बोलावून तिसऱ्यांदा बघितला, आणि मग कामाचं बोलायला लागले. ट्रान्समीटर हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि पहिली गोष्ट काय म्हणाले तर "ह्या दांड्या दाबाई जातीन ना भाऊ." म्हणजे जी गोष्ट टूलबॉक्सच्या कंपनीला कळली नाही ती ह्या माणसाला अर्ध्या मिनिटात कळली. त्यांनीच मग सुचवलं की रेडिओचा कप्पा सगळ्यात उंच ठेवू, ट्रे पेटीच्या पूर्ण लांबीचा न करता दोन तृतीयांशच करू, म्हणजे रेडिओच्या वर ट्रे येणारच नाही. माझ्या चित्रात ट्रे पूर्ण होता.

काम बघण्यासारखं आहे. ट्रेच्या कडेत जाड तार ठेवून पत्रा तिच्यावर वळवतात, लाकडी हातोडीने, घाई न करता, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातात. त्यामुळे कडेला धार राहत नाही आणि ट्रे वाकत पण नाही. ट्रे भरलेला एका हाताने उचलला तरी मध्ये झोल येत नाही. कोपऱ्यांना झाळणाचा डाग दिलाय आणि वरून रिबीट पण मारलेत. ही फिनिशिंग १७०० रुपयांत मिळते हे मला अजून पटत नाही.

आता पॅकिंग, कारण पेटी चांगली का वाईट हे शेवटी त्यावरच ठरतं. माझं गणित साधं आहे, मैदानावर जे आधी लागतं ते वर, आणि जे चिडचिड होत असताना शोधावं लागतं ते तर एकदम हाताशी. ट्रेमध्ये १.५, २ आणि २.५ एमएमच्या ॲलन की, प्रॉपेलरचा नट कसायचा पान्हा, छोटा पक्कड, कटर, सेलचं व्होल्टेज दाखवणारा चेकर, फायबर टेप, आणि दोन-तीन डब्या, एकात स्क्रू, एकात क्लेव्हिस-हॉर्न (सर्वोची तार जोडायचे बारके भाग), एकात जास्तीचा ९ ग्रॅमचा सर्वो (विमानाचे भाग हलवणारी छोटी मोटर) त्याच्या आर्मसकट. आर्म आणि त्याचा बारका स्क्रू वेगळा ठेवला की संपलं, तो स्क्रू काळ्या मातीत पडला की पुढच्या पेरणीलाच सापडेल. खालच्या लांब कप्प्यात प्रॉपेलर सपाट झोपवून, १० इंची आरामात मावतात, आणि प्रॉप नेहमी जोडीने ठेवायचे कारण मुरमाड जमिनीवर लँडिंग जरा नाकावर झालं की पहिला बळी प्रॉपचाच. तिसऱ्या कप्प्यात चिकटवायचं सामान.

चिकटवायच्या सामानावर जरा थांबतो. साधा सीए म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीतला गम, तो थर्माकोलच्या विमानाला लावला की थर्माकोल खातो, त्याला फोम सेफवाला वेगळा मिळतो तोच ठेवायचा. ईपीपी-ईपीओ या दुसऱ्या जातीच्या फोमला साधा चालून जातो. पाच मिनिटवाला इपॉक्सी उन्हाळ्यात पाच मिनिटं थांबत नाही, कालवेपर्यंत घट्ट व्हायला लागतो, म्हणून थोडा-थोडा काढायचा. आणि हॉट ग्लूने जोडलेलं काही असेल तर मे महिन्यात ते उन्हात ठेवूच नका, मोटर माउंट स्वतःहून सुटून येतो. पंख रबरबँडने बांधायचं ट्रेनर (शिकायचं विमान) असेल तर रबरबँड टाल्कम पावडरमध्ये घोळून बंद डबीत ठेवा, नाहीतर उकाड्यात त्यांचा एकच गोळा होतो आणि ताणल्यावर तुटतात.

झाकणाच्या आतल्या बाजूला मी चेकलिस्ट चिकटवलीय, पेटी उघडली की ती समोर येते, हा पत्र्याच्या पेटीचा मोठा फायदा कारण झाकण सरळ उभं राहतं. त्यावर चारच ओळी: सीजी, सगळे सर्फेस (पंख-शेपटीचे हलणारे भाग) योग्य दिशेला हलतात का, रेंज चेक, थ्रॉटल कट (मोटर चुकून फिरू नये म्हणून बंद करायचा स्विच). सीजी म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, साध्या ट्रेनरला पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश यामध्ये, प्लॅनमध्ये दिलाय तो धरायचा. रेंज चेक म्हणजे रेडिओ कमी पॉवरच्या मोडमध्ये टाकून साधारण तीस पावलं लांब जायचं, नेमकं अंतर ज्याच्या त्याच्या मॅन्युअलप्रमाणे. २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आल्यापासून लोकं रेंज चेक करतच नाहीत, पूर्वीसारखं कोण कुठल्या चॅनलवर आहे हे विचारायची भानगड राहिली नाही ना, पण रिसीव्हरची अँटेना कार्बनच्या रॉडला चिकटून बसली असेल तर २.४ काय करणार.

आता ह्या पेटीचा खरा दोष. पत्रा तापतो. हे कोणालाही माहितीय, पण किती तापतो ते खान्देशातल्या एप्रिल-मेमध्ये कळतं, पारा ४४-४५ ला असतो तेव्हा उन्हात ठेवलेल्या पेटीच्या कडीला नुसत्या हाताने धरता येत नाही. म्हणून ह्या पेटीत लायपो (विमानाची लिथियम पॉलिमर) बॅटरी ठेवायचीच नाही, हे मी स्पष्ट सांगतो. गरमीने लायपो फुगते, आयुष्य घटतं, आणि दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. लायपो पेटली की भसाभस गॅस सोडते, आणि कडी-कोयंडा लावलेल्या घट्ट पेटीत तो गॅस कोंडला तर नुसती आग राहत नाही, झाकण उडतं. आप्पा म्हणाले मागे भोकं पाडून देतो, पण मग फुफाटा आत जाणार आणि सर्वोच्या गिअरमध्ये बसणार, त्यामुळे मी नको म्हटलं. बॅटऱ्या वेगळ्या, लायपो बॅगमध्ये (आग सोसणाऱ्या पिशवीत), त्या पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि मैदानावर पोचलो की सॅक निंबाच्या सावलीत. निंब नसेल तर मोटरसायकलच्या सावलीत, पण सायलेन्सरच्या बाजूला नाही. घरून फुल चार्ज करून न्यायच्या, थ्रीएस (तीन सेलची) म्हणजे १२.६ व्होल्ट, आणि वारा सुटला म्हणून न उडवता परत आलो तर तशाच फुल ठेवायच्या नाहीत, चार्जरवर स्टोरेज मोडला टाकून सेलला ३.८ वर आणायच्या. आपल्याकडे उन्हाळ्यात नऊ-साडेनऊनंतर वारा उठतो त्यामुळे ही वेळ बऱ्याचदा येते. लँडिंगनंतरची गरम बॅटरी लगेच चार्जला नाही लावायची, हाताला थंड लागली पाहिजे.

आमच्यातले एक काका अजून ग्लो उडवतात, त्यांनी माझी पेटी बघून तशीच मोठी करायला टाकली. त्यांचा हिशोब वेगळा, १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, स्टार्टर, ग्लो प्लग पेटवायचा क्लिप, इंधन, पंप, आणि भरपूर फडकी, कारण ग्लोचं विमान खाली आलं की तेलाने माखलेलंच असतं. प्लायवूड ते तेल पितं, पत्रा नुसता पुसून घेतला की झालं, ह्या बाबतीत पत्रा जिंकतो. पण एक विनंती, ग्लोचं इंधन पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून आणू नका. त्यात मेथॅनॉल असतं, ते विष आहे, डोळे जातात, जीव जातो, आणि मैदानावर विमान बघायला शेतातली पोरं गोळा होतात, तहान लागली की पोरगं बाटली कोणाची हे विचारत नाही. मूळ कॅनच न्या, झाकण घट्ट लावून, नाहीतर मेथॅनॉल हवेतली ओल पण ओढतं.

प्रवासात पेटी वाजते. नुसती मोकळी सामान भरून नेली तर गाडरस्त्यावर असा खुळखुळाट होतो की कुत्री मागे लागतात. उपाय स्वस्त आहे, योगा मॅट कापून तळाला, बाजूंना आणि ट्रेच्या खाली लावली. रेडिओच्या कप्प्यात जाड फोम, त्याला स्टिकच्या जागी खड्डे, आणि स्विच असतील त्या बाजूला थोडं मोकळं. हे दुकानात करून मिळत नाही, घरी करावं लागतं. फोम लावल्यावर आतली जागा पाऊण इंच तरी कमी होते, ते माप देतानाच धरा.

दुकानाबद्दल तक्रार एकच, वेळेची. "सकाय या" म्हणाले की ते उद्या नसतं. लग्नसराईत कोठ्यांची ऑर्डर आली की आपली पेटी मागे पडते, मधल्या काळात मी बिस्किटाच्या खोक्यात सामान नेत होतो. फोन केला की मुलगा म्हणतो झालीच, गेलो की कलर ओला. कलर पण काळपट राखाडी दिला, मी पांढरा सांगितलेला, मग वरचं झाकण मीच पांढरं मारून घेतलं, तापण्यात थोडा फरक पडतो. कोयंडा जरा ढिला होता तो मात्र तिथल्या तिथे ठोकून दिला, पैसे घेतले नाहीत.

कारवाल्याने आणि क्वचित उडवणाऱ्याने ही पेटी घेऊ नये, वजन उगाच होईल, त्याला प्लास्टिकचीच बरी. मोटरसायकलवर जाणारा, दर रविवारी उडवणारा, धुळ्याजवळच्या गोंदूरचं विमानतळ आणि तिथली ट्रेनिंगची विमानं यांच्यापासून लांब, डिजिटल स्कायवर (ड्रोन कुठे उडवता येतात हे दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर) झोन बघून आडबाजूचा माळ शोधणारा असेल तर जरूर करा. पाचपैकी चार, एक मार्क तापण्याचा आणि उशिराचा मिळून कापला. जाताना ट्रान्समीटर सोबत न्या, गाडीच्या कॅरिअरचं माप पण न्या, कलर पांढरा हे कागदावर लिहून द्या, आणि ॲडव्हान्स अर्ध्यापेक्षा जास्त देऊ नका.